चिडचिड नेमकी कुणाची?

लहान मुलाला जाकिटाची चेन स्वतः लावायची असते. ते काम दिसतं तितकं सोपं नाही. एका हाताने जाकिटाचं खालचं टोक ताणून धरायचं, दुसऱ्या हाताने बारीकशी पट्टी समोरच्या खाचेत अगदी तळापर्यंत बसवायची आणि धरलेलं टोक न सोडता रनर वर ओढायचा. दोन हात, एकाच वेळी दोन वेगळी कामं. तीन-साडेतीन वर्षांच्या हातांना नेमकं तेच जमत नाही. पट्टी अर्धवट बसते, रनर वाकडा चढतो आणि दोन दात ओलांडून अडकतो. मूल जोर लावतं, तो आणखी अडकतो. दाराशी तयार होऊन उभे असलेले बाबा म्हणतात, "दे इकडे, मी लावतो." त्यावर किंकाळी येते, "नाही! मी!" मग बूट भिरकावला जातो, जमिनीवर लोळण घेतली जाते आणि निघायची वेळ केव्हाच टळून गेलेली असते.

यात चिडलेलं कोण, असं विचारलं तर कुणीही मुलाकडे बोट दाखवेल, कारण आवाज त्याचा आहे. पण दाराशी उभ्या माणसालाही काहीतरी हवं होतं. त्याला वेळेत निघायचं होतं आणि तेही अडलं होतं. म्हणजे खोलीत वैतागलेली माणसं दोन होती. पालकत्वाबद्दल आपण जे वाचतो-ऐकतो, त्यात मुलाच्या वैतागावर रकानेच्या रकाने असतात आणि पालकाच्या वैतागाची बोळवण 'संयम ठेवा' एवढ्यावर होते. मला तर सगळा गुंता तिथेच दिसतो. मुलाची चिडचिड थांबवायची घाई बहुतेक वेळा आपल्या चिडचिडीला झालेली असते, आणि आपण जे काही करतो ते तिच्या सांगण्यावरून करतो.

हवंय आणि मिळत नाही, करायचंय आणि जमत नाही, ही अवस्था लहान मुलाच्या दिवसात किती वेळा येते ते एकदा शांतपणे बघावं. दाराची कडी वर असते. बाटलीचं झाकण घट्ट असतं. मनातलं चित्र आणि कागदावरचं चित्र यांचा मेळ नसतो. सांगायचं भरपूर असतं आणि शब्द तोकडे पडतात. खेळ रंगात आला की कुणीतरी येऊन सांगतं, चला, आवरा. त्याचा अर्धा दिवस दुसऱ्याच्या परवानगीवर चालतो. त्या मानाने मुलं फार कमी चिडतात, असंच मला वाटतं.

याचा अभ्यास जुना आहे. १९३९ साली येल विद्यापीठातल्या जॉन डोलार्ड, नील मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं, की आक्रमकतेच्या मुळाशी वैफल्य असतं. इच्छा अडली की माणूस अंगावर येतो. दोनच वर्षांत मिलर यांनीच त्याला मुरड घातली. इच्छा अडल्यावर माणूस अंगावर येईलच असं नाही, ती अनेक प्रतिक्रियांपैकी एक आहे, असं त्यांनी लिहिलं. त्याच १९४१ साली रॉजर बार्कर, तमारा डेम्बो आणि कुर्ट लेविन या तिघांनी आयोवा विद्यापीठात केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. पालकांच्या दृष्टीने मला तो जास्त मोलाचा वाटतो. शाळेत जायच्या आधीच्या वयाच्या तीस मुलांना आधी साधी खेळणी दिली आणि ती कशी खेळतात ते टिपून ठेवलं. मग मधला आडपडदा काढून पलीकडची फार सुंदर खेळणी खेळू दिली. मुलं रमली, तेवढ्यात त्यांना परत अलीकडे आणून मध्ये जाळी लावली आणि जाळीला कुलूप घातलं. खेळणी दिसतायत, पण हाताला लागत नाहीत. आता त्याच साध्या खेळण्यांशी ती कशी खेळतात? खेळ मोडकळीला आला. ज्या मुलाने मघाशी गोष्ट रचली होती, ते आता वस्तू नुसत्या आपटत होतं. खेळाची प्रगल्भता मानसिक वयाच्या हिशोबात सरासरी सुमारे दीड वर्षाने खाली आली होती.

हे वाचल्यावर 'एवढा मोठा झालास आणि असं वागतोस?' या वाक्यातला दम निघून जातो. चार वर्षांचं मूल वैतागल्यावर अडीच वर्षांचं होतं. तेवढ्यापुरतं त्याच्याकडे अडीच वर्षांचीच समज असते, अडीच वर्षांचीच भाषा असते. आपण मात्र त्याच क्षणी त्याला सहा वर्षांच्या मुलाला शोभेल असं स्पष्टीकरण देत बसतो, का नाही चालणार, काल काय ठरलं होतं, असं वागलं की लोक काय म्हणतात. ते ऐकायला समोर कुणीच नसतं.

मोठ्यांचंही असंच होतं, असं माझं निरीक्षण आहे. एरवी मुद्देसूद बोलणारा माणूस वैतागला की त्याची वाक्यं आखूड होतात. 'नाही म्हणजे नाही.' 'मी सांगतोय म्हणून.' 'पुन्हा विचारशील तर बघ.' ही भाषा एका हट्टी मुलाचीच आहे, फक्त आवाज जाड. अशा वेळी घरात मोठं माणूस कुणीच उरत नाही. दोन लहान मुलं एकमेकांसमोर उभी असतात, आणि त्यातल्या एकाच्या हातात सगळी सत्ता असते. मार बसतो तो याच क्षणी. 'शिस्त लागावी म्हणून' हे कारण नंतर सुचतं. मुलावर हात उगारणं मला कुठल्याच कारणाने मान्य नाही, आणि वैतागाच्या भरात तर ते शिस्तीचं साधनही नसतं. अडलेल्या माणसाने जाळीला मारलेली ती धडक असते.

आकांडतांडव चाललेलं असताना ते कधी संपणारच नाही असं वाटतं. प्रत्यक्षात ते संपतं, आणि वाटतं त्याच्या कितीतरी आधी. मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी २००३ साली दीड ते पाच वर्षांच्या ३३५ मुलांच्या पालकांकडून एकेका आकांडतांडवाची बारकाईने लिहिलेली हकिगत मिळवली. सुमारे तीन-चतुर्थांश प्रकरणं पाच मिनिटांत आटोपलेली होती. त्यातला राग, म्हणजे लाथा, किंकाळ्या, फेकाफेक, लवकर टोकाला जातो आणि उतरतो. त्याच्या जोडीला दुःख असतं, मुसमुसणं, कुशीत शिरू पाहणं. ते रागापेक्षा जास्त वेळ टिकतं. म्हणजे रागाच्या त्या दोन-तीन मिनिटांत आपल्याला करण्यासारखं फार थोडं असतं. मुलाला आणि आसपासच्यांना लागणार नाही एवढं पाहायचं, जवळ राहायचं, आणि बोलायचंच असेल तर चार शब्द. 'चेन अडकली. राग आला.' बास. रागाचा जोर ओसरून मुसमुसणं उरलं, की मूल स्वतःच सरकत जवळ येतं. समजूत घालायची ती वेळ. ज्यांनी ती मिनिटं धाकदपटशात घालवली, त्यांच्याकडे मूल त्या वेळी सरकत नाही.

त्याही आधी, १९३१ साली, फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी काही आयांना त्यांच्या मुलांच्या रागाची रोजनिशी ठेवायला सांगितली होती. रागाचे १,८७८ प्रसंग नोंदले गेले. जेवणाच्या जरा आधी आणि झोपायच्या सुमाराला प्रसंग जास्त, अंगात बारीकसारीक दुखणं असलं की जास्त. कुठल्याही आजीने हे न मोजता सांगितलं असतं. पण मला त्या नोंदींमध्ये दुसराच प्रश्न दिसतो. त्या आया त्या वेळी जेवल्या होत्या का? त्यांची झोप झाली होती का? मुलाच्या रागाची रोजनिशी ठेवताना शेजारी एक रकाना आपल्यासाठी ओढला, तर दोन्ही रकाने एकाच वेळी भरतात, हे दोन-चार दिवसांत लक्षात येतं. संध्याकाळची ती वेळ, दोघंही भुकेले, दोघंही थकलेले, आणि तीच वेळ आपण अभ्यासाला बसवायला निवडतो.

आता मुलाची चिडचिड थांबवायच्या त्या घाईकडे येतो. तिचं काम कसं चालतं, हे अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये मानसशास्त्रज्ञ जेरल्ड पॅटरसन यांनी फार चिकाटीने शोधलं. त्यांचे निरीक्षक घराघरांत बसून कोण काय बोललं, त्यावर दुसऱ्याने काय केलं, याची बारीक नोंद करत. त्यातून त्यांना जे चक्र दिसलं ते प्रत्येक घराच्या ओळखीचं आहे. आई म्हणते, खेळ बंद कर. मूल कुरकुरतं. आई आवाज चढवते, मूल त्याच्या वर चढवतं. शेवटी आई म्हणते, "बरं बाबा, दहा मिनिटं, पण ओरडू नकोस." शांतता. मूल शिकलं, की आवाज चढवला की हवं ते मिळतं. हे सगळेच सांगतात, आणि म्हणून 'मुलांपुढे झुकू नका' असा सल्ला देतात. पण आई काय शिकली? तिच्या कानावरचा तो असह्य आवाज थांबला, सुटका झाली. उद्या तो आवाज लागला की तिचंही मन त्याच सुटकेकडे धावणार. आणि उलटही होतं. आईने इतक्या जोरात खेकसलं की मूल दबून गप्प झालं, तर तीही सुटकाच. मग उद्या खेकसायला कमी वेळ लागतो.

झुकणं आणि खेकसणं ही आपल्याला दोन टोकं वाटतात, एक लाडावणारे आईबाप आणि एक कडक आईबाप. मला ती सख्खी भावंडं वाटतात. दोन्हींमध्ये मुलाला काय हवंय, त्याला काय शिकायचंय, याचा विचारच झालेला नसतो. आपल्याला होणारा त्रास कसा थांबेल एवढंच पाहिलेलं असतं. म्हणूनच तोच माणूस सोमवारी लाडावणारा आणि मंगळवारी कडक असतो. मुलाला त्यातून नियम काय ते कळत नाही, फक्त आज वारा कुठल्या दिशेचा आहे हे ओळखायची सवय लागते.

मग त्या त्रासाचं करायचं काय? मनात साठवू नका, मोकळं करा, उशी बडवा, ओरडून घ्या, असं सर्रास सांगितलं जातं. ब्रॅड बुशमन यांनी हे तपासून पाहिलं आणि २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं. त्यांचा राग निवळला नाही, उलट तेच सगळ्यांत जास्त संतापलेले राहिले. नुसते गप्प बसून राहिलेले त्यांच्यापेक्षा बरे होते. भडास काढल्याने भडास संपत नाही, तिला सराव मिळतो.

दुसऱ्या टोकाला चेहरा कोरा ठेवून सगळं गिळणं असतं. भावनांच्या नियमनावर काम करणारे जेम्स ग्रॉस आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवलं, की चेहऱ्यावर काही दिसू न देता भावना दाबली तरी शरीराचा ताण उतरत नाही, आणि समोर बसून बोलणाऱ्या माणसाचा रक्तदाबही वाढतो. मुलाला तर शब्दांच्या आधी चेहरा वाचता येतो. दात आवळून गोड आवाजात म्हटलेलं "काही नाही झालं रे, राजा" त्याला घाबरवतं, कारण ऐकू येतंय एक आणि दिसतंय दुसरं.

उरतो तो मधला, साधा मार्ग, आणि तो शिकावाच लागतो. मोठ्याने, लहान मापात बोलायचं. "मला उशीर होतोय, म्हणून माझी चिडचिड होतेय. मी पाणी पिऊन येतो, मग आपण बघू." यात तीन गोष्टी मुलाच्या कानावर पडतात. बाबांना राग आलाय हे त्याला दिसलेलं खरं आहे. तो माझ्यावर कोसळणार नाही. आणि राग आल्यावर करण्यासारखं काहीतरी असतं. मूल हे भाषणातून शिकत नाही, बघून शिकतं. ज्युलिया लेनर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अवघ्या पंधरा महिन्यांच्या बाळांवर केलेला प्रयोग मला फार आवडतो. काही बाळांसमोर मोठ्या माणसाने डब्यातून खेळणं काढण्यासाठी बराच खटाटोप केला, 'हे कसं बरं करावं' असं पुटपुटत. काहींसमोर ते सहज काढलं. नंतर बाळांना एक वाजणारं खेळणं दिलं. त्याचं मोठं ठळक बटण दाबून काहीच होत नव्हतं. ज्यांनी खटाटोप पाहिला होता, ती बाळं ते बटण जास्त वेळा दाबत राहिली.

म्हणजे आपलं अडणं मुलांना दिसू देण्यात काही कमीपणा नाही. आपण मात्र त्यांना आपलं काम झाल्यावरचं रूप दाखवतो, आणि मधलं सगळं दाराआड.

लेनर्ड यांच्याच पुढच्या अभ्यासात चार-पाच वर्षांच्या मुलांच्या हातातलं अवघड कोडं मोठ्या माणसाने घेऊन सोडवून दिलं, तेव्हा त्या मुलांनी पुढच्या कामात लवकर हार मानली. अभ्यासाच्या टेबलावर हे रोज घडतं. अपूर्णांकांची बेरीज चाललीय. मुलीने छेद समान न करता सरळ अंशात अंश, छेदात छेद मिळवलाय. उत्तर चुकलं. तिने खोडलं. पुन्हा तेच केलं, पुन्हा खोडलं. तिसऱ्यांदा खोडताना खोडरबर इतक्या जोरात फिरलं की कागद मऊ होऊन, केसाळ होऊन फाटला. ते भोक बघून ती रडायला लागली, गणितासाठी नाही, भोकासाठी. या जागी पेन्सिल तिच्या हातातून काढून घेणं सोपं असतं. 'अगं, किती सोपं आहे' असं म्हणणं तर त्याहून सोपं, आणि त्याहून वाईट, कारण सोपं असूनही जमत नाही म्हणजे खोट माझ्यातच, एवढंच त्यातून पोचतं. पान बदलावं. कागदाच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, एक तीन भागांत आणि एक चार भागांत दुमडावी, आणि हे दोन तुकडे सारखे आहेत का, एवढंच विचारावं. मग गप्प बसावं. हे गप्प बसणं सगळ्यांत कठीण असतं. समोर मूल चाचपडतंय, आपल्याला उत्तर येतंय, आणि ते तोंडातून बाहेर पडू द्यायचं नाही.

हीच परीक्षा आयुष्यात नंतर एकदा पुन्हा येते, तेव्हा चाचपडणारे हात आपल्या आईवडिलांचे असतात. मोबाइलवर पासवर्ड टाकताना म्हाताऱ्या वडिलांचं बोट शेजारच्या अक्षरावर पडतं, मधल्या वेळात स्क्रीन बंद होते, ते पहिल्यापासून सुरू करतात. ज्या मुलाने लहानपणी हातातून पेन्सिल काढून घेतली गेल्याचा अनुभव घेतलाय, त्याचा हात इथे आपोआप पुढे होतो. वडील काही बोलत नाहीत, पण पुढच्या वेळी विचारतही नाहीत. उरलेली कामं हळूहळू सोडून देतात.

इतकं सगळं माहीत असूनही रोज सगळं जुळेल असं नाही, आणि जुळायची गरजही नाही. एड ट्रॉनिक यांनी आई आणि तान्ह्या बाळाच्या सहवासाचं क्षणाक्षणाने निरीक्षण केलं, तेव्हा अगदी छान नात्यातही दोघांचा सूर साधारण ३० टक्के वेळच जुळलेला दिसला. बाकी वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवून घेणं. बाळ त्या जुळवून घेण्यातूनच शिकतं, की बिघडलेलं सावरता येतं. आवाज चढला असेल तर नंतर जाऊन 'माझा आवाज फार चढला होता, मला तसं बोलायचं नव्हतं' एवढं म्हणावं. त्याला 'पण तूही' जोडू नये. ते जोडलं की माफी उरत नाही, उरतो तो हिशोब. अर्थात मूल वारंवार स्वतःला इजा करून घेत असेल, किंवा घरात कुणाचा राग रोजच हाताबाहेर जात असेल, तर तिथे लेख वाचत बसू नये, तज्ज्ञाकडे जावं.

एक गोष्ट मात्र मला राहून राहून सांगाविशी वाटते. 'पाणी पिऊन येतो' म्हणायला घरात दुसरं कुणीतरी असावं लागतं. बऱ्याच घरांत एका पालकाला वैतागल्यावर बाहेर चक्कर मारून यायची मुभा असते आणि दुसऱ्याला, बहुधा आईला, स्वयंपाकघराच्या दारापर्यंतचीही नसते. मूल तिच्या मागे तिथे येतं. तिच्याकडून संयमाची अपेक्षा करणाऱ्यांनी आधी तिला अर्धा तास द्यावा. कोण कधी थकतं, कुणाची कुठली वेळ वाईट, हे दोघांनी शांत असताना बोलून ठेवावं. भांडणाच्या वेळी ते बोलणं होत नाही. एकट्याने मूल वाढवणाऱ्यांना तर हा अर्धा तास नातेवाइकांनी, मित्रमैत्रिणींनी न मागता द्यायला हवा.

आणि तो वेळ कुणीच दिला नाही, की मुलं तो भार स्वतः उचलू लागतात. आठ-नऊ वर्षांचं शहाणं मूल घरात शिरताना आधी आईचा चेहरा बघतं. किल्ल्या कशा ठेवल्या गेल्या यावरून बाबांचा मूड ओळखतं. धाकट्याला गप्प करतं. हट्ट करायचं थांबतं. आपण चारचौघांत कौतुक करतो, फार समजूतदार आहे हो. मला अशा समजूतदारपणाची भीती वाटते. हट्ट करायच्या वयात ते आपली चिडचिड सांभाळत बसलेलं असतं.

असं मूल एखाद्या संध्याकाळी जवळ येऊन हळूच विचारतं, "आज कामावर काही झालं का?" तेव्हा 'काही नाही' म्हणून उडवून लावू नये, आणि मन भरून आलं म्हणून त्याच्यापाशी सगळं ओतूही नये.

"हो, झालंय थोडं. ते माझं मी निस्तरीन, तुला त्यात काही करायचं नाहीये. आणि मघाशी तुला खेळायला जायचं होतं ना? मग नाही कशाला म्हणालास?"